लाटसाहेबाला दिलेली नोटीस

सोमवार, ३ मार्च. सकाळी ७.४०

निर्णय झाला. त्याला काढायचा. आजच.

कोणाला, ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढे संताप ओसरला तरी आठवण राहील. आमच्या घरातला नोकर. मी त्याला मनातल्या मनात लाटसाहेब म्हणतो. तोंडावर म्हणत नाही, कारण म्हटलं की तो ऐकून न ऐकल्यासारखं करतो आणि दुपारी सूप अळणी येतं. माणूस आबांच्या वेळचा. आबा जाऊन सतरा वर्षं झाली तरी मला अजून धाकटे साहेबच म्हणतो. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. मग थोरले साहेब कोण आहेत आता, असं एकदा खडसावून विचारलं. म्हणाला, जागा रिकामी आहे.

आजचं कारण वेगळं. शनिवारी ताईचं पत्र आलं. लाटसाहेबाने ते फोडलं, वाचलं, उत्तर लिहिलं आणि पोस्टात टाकलं. मला आज सांगतो आहे, तेही अंडं सोलता सोलता. ताईला हे घर विकायचं आहे. आबांच्या मृत्युपत्रात तशी सोय आहे. दोघांपैकी एकाला विकायचं असेल तर दुसऱ्याने मुदतीच्या आत वकिलांसमोर लेखी हरकत घ्यायची. नाही घेतली तर संमती धरली जाईल. मुदत गुरुवार, २० मार्च, सकाळी अकरा.

मी याच घरात जन्मलो. एकदा चार दिवस हॉटेलात राहायला म्हणून गेलो होतो, संध्याकाळी परत आलो. घर गेलं तर मी कुठे जाणार, असं आधी मनात आलं. मग राग आला. राग बरा.

उत्तरात काय लिहिलंस म्हणून विचारलं. म्हणाला, पत्र मिळालं, विचार चालू आहे. कोण करतंय विचार, असं मी गरजलो. म्हणाला, कोणीतरी करायलाच हवा.

प्लॅन: आज नोटीस. उद्यापासून स्वावलंबन. वीस तारखेला एकट्याने वकिलांकडे जाऊन हरकत. साधी गोष्ट आहे.

सायं. ५.३०

नोटीस दिली. त्याच्याकडूनच लिहवून घेतली, कारण माझा चष्मा सापडत नव्हता. (त्याच्याकडे होता, पुसायला.) भाषा कडक आहे. मी मग्रूर असा शब्द सांगितला होता. तो म्हणाला, उद्धट जास्त लागतं. मी म्हटलं, मग तेच लिही. सहीही त्यानेच केली. यात गैर काही नाही. पंधरा वर्षांपूर्वी माझं मनगट मुरगळलं होतं, तेव्हापासून माझी सही तोच करतो. मनगट दोन आठवड्यांत बरं झालं. पण माझ्या योग्यतेच्या माणसाने सही करायची नसते, करवून घ्यायची असते.

नोटीस घेताना त्याचा चेहरा पडला नाही. आतून कोसळला असणार.

मंगळवार, ४ मार्च. सकाळी ८.००

चष्मा मिळाला. नोटीस वाचली. मुदत तीन महिने आहे! तोवर मागची खोली त्याचीच, आणि काम ‘मूळ नेमणूकपत्रात नमूद केल्याप्रमाणे’. आबांच्या हातचं नेमणूकपत्र त्याने ताबडतोब आणून दाखवलं. बरा जपून ठेवतो कागद. त्यात दोन कामं आहेत. फाटक उघडणं-लावणं आणि जिन्यातल्या घड्याळाला चावी देणं. बाकी बत्तीस वर्षं जे केलं ते, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, ओघाओघात. आजपासून ओघ बंद.

असू दे. मला काय हात नाहीत?

सकाळी १०.१५

गॅस पेटला नाही. बटण आधी दाबून मग फिरवायचं की फिरवून मग दाबायचं, हे कंपनीने लिहायला हवं होतं. चौदा काड्या गेल्या. लाटसाहेब स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसून माझा पेपर वाचत होता. मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. आमच्यात आता हे असं आहे.

पाणी प्यायलो. सकाळी उपाशीपोटी पाणी आरोग्याला उत्तम असतं. चहा मी सोडणारच होतो.

गुरुवार, ६ मार्च

तीन दिवसांचा हिशेब असा: एक शर्ट इस्त्रीखाली गेला, एक पातेलं गेलं, आणि उजव्या हाताचा अंगठा सुजला आहे. मोज्यांची जोडी जमत नाही. स्वतःच्या घरात मला चमचे कुठे असतात ते माहीत नाही. बत्तीस वर्षं या माणसाने घरातली एकेक वस्तू पद्धतशीरपणे स्वतःला सापडेल अशाच जागी ठेवली आहे. हे कारस्थान आहे.

दुपारी मी उलट डाव टाकला. घड्याळाची चावी लपवली. चावी नाही म्हणजे काम नाही, काम नाही म्हणजे कामचुकारपणा, आणि कामचुकारपणा म्हणजे तीन महिन्यांची मुदत रद्द! अर्ध्या तासाने तो एक वही घेऊन आला. त्यात तारीख घालून लिहिलं होतं की चावी धाकट्या साहेबांच्या कोटाच्या उजव्या खिशात असल्याने घड्याळ बंद आहे. खाली माझी सही होती.

मी म्हटलं, ही मी केलेली नाही. म्हणाला, कधीच नाही करत.

शनिवार, ८ मार्च

शेजारचे दातांचे डॉक्टर कुंपणापाशी आले होते. मला वाटलं तब्येतीची चौकशी करतील. वजन उतरलं आहे, गालावर दाढी करताना कापल्याच्या तीन पट्ट्या आहेत. कोणीही विचारलं असतं. पण नाही. तुमचा माणूस मोकळा होतोय असं ऐकलं, मला द्याल का, म्हणाले. त्यांच्या आधी वाचनालयाच्या सेक्रेटरींनी नंबर लावला आहे म्हणे. मी टाकून दिलेल्या माणसासाठी गावात रांग लागते! लोकांना पारख नाही हेच खरं.

मी डॉक्टरांना सांगितलं की तो उद्धट आहे. हो, पण काम करतो ना, म्हणाले. जाताना त्यांनी फाटकापाशी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या खांद्यावर त्यांनी कधी हात ठेवलेला नाही. हे दोघं मिळून मला हसत होते, मी खिडकीतून स्पष्ट पाहिलं. एकाच्या तरी दातात कीड पडो.

निश्चय: त्याच्याशी बोलणं पूर्ण बंद.

सायं. ६.००

डबा उघडत नव्हता म्हणून एकदाच बोललो. म्हणाला, नेमणूकपत्रात डबा नाही.

मंगळवार, ११ मार्च. दुपारी २.००

मुदतीची वाट कशाला बघायची, म्हणून आजच वकिलांकडे गेलो. बेत उत्तम होता.

जुने वकील वारले आहेत. मला कोणी कळवलं नाही. (लाटसाहेब म्हणतो, कळवलं होतं आणि मी सांत्वनाचं पत्रही पाठवलं आहे. छान पत्र होतं म्हणे.) आता त्यांची मुलगी बघते. तरतरीत बाई. मला हरकतीचा कागद दिला आणि सही करा म्हणाली. पेन हातात घेतल्यावर क्षणभर सुरुवात कशी होते ते आठवेना. मग केली. मला तर ती सही देखणी वाटली.

बाईंनी फाइल काढली. फाइलमध्ये माझ्या पंधरा वर्षांच्या सह्या आहेत. एकीचंही आजच्या सहीशी जमेना. बाईंनी कारकुनाला दाखवली, कारकुनाने चष्मा बदलून पाहिली. मग ओळखपत्र मागितलं. ते मी ऐटीत पुढे केलं. त्यावर लाटसाहेबाचा फोटो आहे.

इथे खुलासा करून ठेवतो. ओळखपत्राच्या ऑफिसात त्या वेळी दोन तासांची रांग होती, म्हणून मी त्याला पाठवलं होतं. रांगेत उभा राहिला तो, म्हणून फोटो काढला त्याचा. नाव माझंच आहे. कार्ड आल्यापासून कपाटात होतं. त्याच्याकडे बघण्याची वेळ आज पहिल्यांदा आली.

बाईंनी विचारलं, तुम्ही कोण? मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, ते गृहस्थ आम्हाला माहीत आहेत, आम्ही तुमचं विचारतोय. मी आवाज चढवला. मग रखवालदार आला. त्या ऑफिसातली सिक्युरिटी चोख आहे, हे मान्य करायला हवं. कोपराला जिथे धरलं तिथे अजून दुखतंय.

घरी आलो तर लाटसाहेबाने फाटक उघडलं, ते त्याचं काम आहे. काम झालं का, म्हणाला. मी म्हटलं, छान झालं.

गुरुवार, १३ मार्च

मार्ग सापडला. तो माझी सही करू शकतो, तर मी त्याने केलेली माझी सही का करू शकत नाही? शेवटी मूळ सही कोणाची?

सकाळपासून एक वही भरली. जमत आली होती. इतक्यात मागून आवाज आला की पहिलं अक्षर वळवताना दम खाऊ नका. कधी येऊन उभा राहिला होता कोण जाणे. मी दौत फेकून मारली. ती पडद्याला लागली. पडदा माझा आहे.

तो तिथेच उभा राहून बोलला, आवाज न चढवता. म्हणाला, बत्तीस वर्षांत तुम्ही मला तीन वेळा फुलदाणी, एकदा चपला आणि आता दौत मारलीत. एकदाही लागलं नाही. लागलं असतं तर मी केव्हाच गेलो असतो.

याचा अर्थ काय घ्यायचा? धमकी होती की माझ्या नेमबाजीवर टोमणा? विचार करून डोकं दुखलं. मला हा माणूस डोळ्यांसमोर नको आहे. मनापासून नको आहे.

सोमवार, १७ मार्च

तीन दिवस राहिले.

आज माडीवरच्या माझ्या खोलीत नुसता बसलो. गोदरेजचं कपाट, आबांची खुर्ची, खिडकीचं न लागणारं दार. घर गेलं म्हणून मी मरणार नाही. पण मग कुठे जाऊन मरायचं हा प्रश्न येईल. मला भीती वाटते आहे. ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो.

दुपारी ४.००

त्याला बोलावलं. म्हणजे त्याच्या खोलीशी गेलो. विचारलं, आता काय करायचं? त्याच्याकडे उत्तर तयार होतं. म्हणाला, सही माझी जुळते, फोटो माझा जुळतो. मीच जातो धाकटे साहेब म्हणून. पाच मिनिटांचं काम.

आणि ताई? ती येणार आहे त्या दिवशी. ती नऊ वर्षांत इकडे फिरकली नसली तरी स्वतःचा भाऊ ओळखणारच. म्हणाला, ताईसाहेबांचं मी बघतो.

मी बरोबर येणार, अशी अट मी घातली. त्याच्यावर नजर ठेवायला कोणीतरी हवं. तो म्हणाला, या की, पण कोण म्हणून? याचा मी विचार केला नव्हता. म्हणाला, माझ्याबरोबर फाइल धरायला एक माणूस असतोच. मी म्हटलं, तुझ्याबरोबर कधी असतो? म्हणाला, माझ्याबरोबर नव्हे, साहेबांबरोबर.

त्याची अट एकच होती, नोटीस मागे घ्यायची. घेतली. मोठ्या मनाने घेतली. कागद त्याने लिहिला, सही त्याने केली. शिवाय माझा करडा कोट नेणार आहे. नेऊ दे, एका दिवसाचा प्रश्न आहे. संध्याकाळी चहा मिळाला. दोन कप.

बुधवार, १९ मार्च

तालीम. तो आबांच्या खुर्चीत बसला. कोट त्याला माझ्यापेक्षा बरा बसतो, कारण शिंप्याकडे माप द्यायला तोच गेला होता. मी फाइल घेऊन उभा. दोन पावलं मागे, नजर तिसऱ्या फरशीवर, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. त्याने मला अरे म्हटलं. सवय व्हायला हवी, म्हणाला. किती वेळा म्हणजे सवय होईल, असं विचारलं. म्हणाला, मला महिना लागला होता.

पाय दुखले. पण मला यात उपजत गती आहे. नट व्हायला हवं होतं मी. तिसऱ्यांदा फाइल पुढे केली तेव्हा त्याने बरं असं म्हटलं. तो कोणाला सहजासहजी बरं म्हणत नाही.

गुरुवार, २० मार्च. दुपारी ३.३०

घर वाचलं.

जसं घडलं तसं लिहितो.

अकराला पोचलो. रखवालदाराने त्याला सलाम केला आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं. मी खाली बघितलं. वकीलबाई उठून उभ्या राहिल्या. बाबा गेल्यावर तुमचं पत्र आलं, ते मी ठेवलंय, असं त्याला म्हणाल्या. तो म्हणाला, तुमचे वडील फार सरळ होते. मला ते साधारण कजाग वाटायचे, पण मी बोललो नाही. मला कोणी विचारलं नव्हतं.

ताई आधीच बसली होती. केस पांढरे झालेत, हातात काठी आली आहे. मी फाइल तोंडासमोर धरली. बाईंनी तिला रीतसर विचारलं, हे आपले बंधू ना? ताईने त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्याच्याकडे बोट करून म्हणाली, हो, हाच माझा भाऊ.

मला रडू यायचं बाकी होतं. म्हटलं, शेवटी रक्ताचं नातं! बहिणीने खोटं बोलून भावाचं घर वाचवलं! लाटसाहेबाने एका झटक्यात सही केली. बाईंनी शिक्का मारला. विक्री रद्द.

मी फाइल गोळा करायला लागलो, तर तो म्हणाला की अजून एक नोंद करायची आहे. आमच्याकडे हा जुना नोकर आहे. माझ्याकडे न बघता बोलत होता. म्हणाला, काम त्याच्याच्याने आता होत नाही, खरं सांगायचं तर आधीही फारसं होत नव्हतं. तोंडाळ आहे, वस्तू फेकून मारतो, मागच्या आठवड्यात इथे येऊन माझं नाव सांगत होता तोही हाच. पण वडिलांच्या वेळचा आहे आणि त्याला जायला दुसरी जागा नाही. तेव्हा मागची खोली आणि दोन वेळचं जेवण त्याला हयातभर मिळावं, आणि माझ्यामागेही त्याला कोणी घराबाहेर काढू नये, असं लिहून ठेवा. ताई म्हणाली, माझी संमती आहे, लिहा. वकीलबाई म्हणाल्या, अशी माणसं राहिली नाहीत हो.

मग त्यांनी विचारलं, याला सही करता येते का? लाटसाहेब म्हणाला, याची सही अजून बसलेली नाही. अंगठा घ्या.

मी ताईकडे बघितलं. तिने माझं मनगट धरलं, अंगठा शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर टेकवला. स्वतःच्या हाताने. मी काय बोलणार होतो? बोललो असतो तर तिघं तुरुंगात गेलो असतो, आणि घर वेगळंच गेलं असतं.

बाहेर व्हरांड्यात तिला गाठलं. म्हटलं, ताई, अगं मी! म्हणाली, मला दिसतंय. मग काठीवर दोन्ही हात ठेवून बोलली, हळू, पण मला एकेक शब्द लिहून ठेवता येईल असं. म्हणाली, तुझे मेहुणे गेले तेव्हा तुझ्या नावाने आठवड्याला एक अशी सहा पत्रं आली. पहिली ओळ वाचली आणि कळलं की ही तुझी नव्हेत. त्यात मी जेवते का असं विचारलं होतं. घर विकायचं मी म्हणत होते ते तुझ्या हातून काढून घ्यायला. आता त्याची गरज राहिली नाही.

मी म्हटलं, मी पत्र लिहिणारच होतो. ती म्हणाली, जा, तुला हाक मारतायत.

खरंच मारत होता.

शुक्रवार, २१ मार्च. सकाळी ६.०५

नीट विचार केला. एकूण विजयच म्हणायचा. घर वाचलं. इथून मला आता कोणी हलवू शकत नाही, कायद्याने पक्कं झालं आहे. असा कागद आबांनीही मला कधी करून दिला नव्हता. मागची खोली लहान आहे, पण कोरडी आहे आणि सकाळचं ऊन येतं. माझं सामान त्याने कालच आणून लावलं. चमचेसुद्धा दोन दिले आहेत.

पण लाड पुरे झाले. नाटक कालच्यापुरतं होतं हे त्याला आज तोंडावर, खणखणीत शब्दांत सांगायचं. कोट परत. माडीवरची खोली परत. ऐकलं नाही तर सरळ गचांडी.

सकाळी ६.४०

सांगायला गेलो होतो. तो आबांच्या खुर्चीत पेपर वाचत होता. मान वर न करता विचारलं, त्या खाटेवर पाठ दुखते का? म्हटलं, थोडी. म्हणाला, आज गादी बदलून घे. मी बरं म्हटलं आणि आलो. येताना दार ओढलं, ते आवाज होऊ न देता.

उद्या सांगेन. आत्ता वेळ नाही. साहेबांना दहाला बाहेर जायचंय आणि अजून एकच बूट झालाय.